परदेशात स्वयंसेवक म्हणून जाण्यासाठी हेतू निर्मळच असावा लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे वय २९, खराडीतल्या एका कंपनीत सहा वर्षे डेटा अ‍ॅनालिस्टची नोकरी झाली आहे आणि आता वर्षभरासाठी आफ्रिकेतल्या एखाद्या देशात स्वयंसेवक म्हणून जाण्याचा विचार आहे. अर्जात ‘तुम्हाला का जायचे आहे’ या रकान्यापाशी तुमचे घोडे अडले आहे. प्रामाणिकपणे यादी केली तर त्यात नोकरीचा कंटाळा आहे, ठरलेले लग्न मोडल्यामुळे पुण्यापासून काही काळ लांब राहण्याची इच्छा आहे, जग पाहायचे आहे, या क्षेत्रात पुढे काही करता येईल का याची चाचपणी आहे आणि या सगळ्यांबरोबर ‘कुणाच्या तरी उपयोगी पडावे’ हेही आहे. सेवाच करायची तर मेळघाट काय वाईट आहे, असे तुमच्या आई म्हणतात. इतका स्वार्थ मनात ठेवून जाणे योग्य आहे का, आणि अर्जात खरे लिहावे की शोभेल ते लिहावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी पाणीपुरवठा अभियंता आहे. शिक्षण आणि घर पुण्यातच, कामाची बरीच वर्षे मात्र पूर्व आफ्रिकेतल्या निर्वासितांच्या वसाहतींमध्ये गेली; सुरुवातीला स्वयंसेवक म्हणून आणि नंतर पगारी. परत आल्यापासून परदेशी जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या निवड समितीवर काम करते. त्यामुळे असे अर्ज मी स्वतः भरले आहेत आणि दुसऱ्यांनी भरलेले भरपूर वाचलेही आहेत.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक स्वतःच्या मनाशी सोडवायचा आहे आणि दुसरा निवड समितीसमोर. माझ्या अनुभवानुसार दोन्ही सोडवण्याची रीत मात्र एकच आहे. हेतू स्वार्थी की निःस्वार्थी हे तोलत बसण्यात हाती काही लागत नाही, कारण निव्वळ एकाच हेतूने घर सोडलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्याऐवजी यादीतल्या प्रत्येक हेतूला दोन गोष्टी विचारून पाहाव्यात. तो पुरा व्हायचा असेल तर त्याची किंमत कोण मोजणार आहे? आणि तिथे रोज जे काम करावे लागेल, त्यातून तो खरोखर पुरा होण्यासारखा आहे का?

पुढे जाण्यापूर्वी हे सांगायला हवे की यातले बरेच काही तुम्ही कोणत्या मार्गाने जाता यावर अवलंबून आहे. परदेशातील स्वयंसेवा या एकाच नावाखाली अगदी निरनिराळे व्यवहार चालतात. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० साली महासभेच्या ठरावाने सुरू झाला. त्याचे मुख्यालय जर्मनीतल्या बॉन शहरात आहे आणि तो स्वयंसेवकाला प्रवासखर्च, विमा आणि दरमहा निर्वाह भत्ता देतो. तिथल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गटासाठी वय किमान २७ आणि कामाचा काही वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे तुम्ही त्यात बसता. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारखी संस्था डॉक्टर-नर्सबरोबर हिशेबनीस आणि पुरवठा सांभाळणारी माणसेही घेते आणि त्यांना वेतन देते. याउलट दोन-तीन आठवड्यांसाठी तुमच्याकडूनच पैसे घेऊन ‘सेवेचा अनुभव’ देणाऱ्या कंपन्या आहेत; तो मुख्यतः पर्यटनाचा धंदा आहे आणि त्याकडे तसेच पाहावे. इंटरनेटवर वाचायला मिळणारे बरेचसे अनुभव अमेरिकेच्या पीस कोअरमधल्या लोकांचे असतात. ती १९६१ साली सुरू झालेली तिथल्या सरकारची योजना असून फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे, म्हणून त्या अनुभवांवरून आपले आडाखे बांधू नयेत. मी पुढे जे लिहिते आहे ते पहिल्या प्रकारच्या, म्हणजे वर्षभराच्या आणि ठरावीक कौशल्य मागणाऱ्या कामाविषयी आहे.

आता स्वार्थाविषयी. क्लॅरी, स्नायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वयंसेवकांच्या हेतूंची जी मांडणी केली ती या विषयात अजूनही वापरली जाते. त्यांनी सहा प्रकार सांगितले: मूल्यांवरची निष्ठा, नवीन काही समजून घेणे, आपल्या माणसांच्या बरोबरीने काही करणे, व्यवसायातली प्रगती, स्वतःच्या दुःखापासून किंवा अपराधी भावनेपासून सुटका, आणि स्वतःविषयीचे मत उंचावणे. तुमची यादी या सहांपैकी बहुतेक घरे भरते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्याआधी १९९५ मध्ये ओमोटो आणि स्नायडर यांनी अमेरिकेत एड्सच्या रुग्णांना सोबत करणाऱ्या स्वयंसेवकांचा अभ्यास केला होता. त्यात स्वतःची समज वाढवणे, स्वतःचा विकास असे ‘स्वतःपुरते’ हेतू ज्यांच्यात प्रबळ होते ती माणसे कामात अधिक काळ टिकल्याचे दिसले. सगळ्या अभ्यासांचा निष्कर्ष इतका सरळ नाही, हेही खरे. पण मी जे पाहिले त्याच्याशी हा निष्कर्ष जुळतो. निव्वळ परोपकारासाठी आलेल्या माणसाला रोज संध्याकाळी आपण कुणाचे काही भले केल्याची पावती हवी असते आणि ती क्वचितच मिळते. शिकायला आलेल्याच्या पदरात वाईट दिवशीही काहीतरी पडते.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते सांगते. युगांडाच्या वायव्य कोपऱ्यात बिडी बिडी नावाची वसाहत आहे. दक्षिण सुदानमधल्या यादवीमुळे २०१६ मध्ये लोंढेच्या लोंढे सीमा ओलांडू लागले तेव्हा ती उघडली गेली आणि काही महिन्यांतच तिथे अडीच लाखांहून अधिक माणसे आली. सुरुवातीच्या काळात पाणी टँकरने यायचे, मोठ्या टाक्यांत किंवा जाड प्लास्टिकच्या फुग्यासारख्या पिशव्यांत साठवले जायचे आणि तिथून नळकोंडाळ्यांना सोडले जायचे. अशा ठिकाणी माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी मिळावे, एका तोटीवर २५० पेक्षा अधिक माणसे अवलंबून नसावीत, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि तोटीतून येणाऱ्या पाण्यात थोडे क्लोरीन शिल्लक असावे लागते. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, घेतो, तसलेच हे काम. नळीत पाणी घ्यायचे, गोळी टाकायची, गुलाबी रंग चढेपर्यंत थांबायचे, रंगाची पट्टीशी तुलना करून आकडा रजिस्टरात लिहायचा आणि पुढच्या नळाकडे जायचे. सकाळी एक फेरी, दुपारी दुसरी.

या कामावर येणाऱ्यांमध्ये जीव वाचवायला आलेली मंडळी फार लवकर कंटाळत. वास्तविक जीव वाचतात ते याच रजिस्टरामुळे, कारण पटकीची साथ पाण्यातून पसरते. पण न आलेली साथ कुणाला दिसत नाही आणि तिचे कुणी आभारही मानत नाही. एक जण दर आठवड्याला सीमेवरच्या स्वागत केंद्रात बदली मागत असे, कारण नवीन कुटुंबे तिथे उतरत आणि ‘खरे काम’ तिथे आहे असे त्याला वाटे. त्याला तिथे नेण्यासाठी गाडी, चालक आणि दुभाष्या लागणार होते आणि ते तिघेही दुसऱ्या कुणाच्या तरी कामातून काढावे लागणार होते. किंमत कोण मोजणार, हे विचारा असे मी म्हणते ते यासाठी. त्याच काळात आलेल्या दुसऱ्या एका तरुण अभियंत्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते की बायोडेटावर आंतरराष्ट्रीय अनुभव दिसावा म्हणून मी आलो आहे. त्याने रजिस्टरातले जुने आकडे संगणकावर चढवले, तेव्हा काही नळांवर सकाळी क्लोरीन बरोबर असते आणि दुपारी जवळजवळ शून्यावर येते हे लक्षात आले. उन्हात तापणाऱ्या पिशव्यांमध्ये क्लोरीन लवकर उडून जात होते. मात्रा आणि ती टाकण्याची वेळ बदलली आणि दुपारच्या फेरीतही नळी गुलाबी होऊ लागली. त्याचा हेतू स्वार्थीच होता, पण तो कामातूनच पुरा होणारा होता आणि त्याची झळ कुणाला लागत नव्हती.

परदेशी माणूस फुकट काम करतो, म्हणजे तिथल्यांना तो फुकट पडतो, असा एक गोड समज असतो. प्रत्यक्षात त्याची राहण्याची जागा, सुरक्षेची व्यवस्था, भाषेसाठी सोबत आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याला सगळे समजावून सांगणाऱ्या स्थानिक सहकाऱ्याचा वेळ, हा सगळा खर्चच असतो. शिवाय तुम्ही करणार असलेले काम तिथल्या एखाद्या पदविकाधारक तरुणाला पगारावर देता आले असते का, हा प्रश्नही उरतो. आला तो खर्च वसूल व्हावा इतके काही आपल्यापाशी आहे का, हे आधी पाहावे. तुमच्यापाशी ते आहे असे मला वाटते. विस्कळीत आकड्यांतून अर्थ काढता येणाऱ्या माणसाची वानवा अशा ठिकाणी कायम असते.

या कसोटीवर सर्वांत वाईट ठरणारा प्रकार म्हणजे अनाथाश्रमांतली अल्पकालीन सेवा. कंबोडिया आणि नेपाळमध्ये असे दिसून आले की अनाथ म्हणून ठेवलेल्या मुलांपैकी बहुतेकांचे आई किंवा वडील जिवंत होते आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलांना घरातून आणले जात होते. माया करायला येणाऱ्यांची रांग लागली म्हणून मुलांचा पुरवठा वाढला, इतका हा सरळ हिशेब आहे. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आसपास या प्रकाराकडे आधुनिक गुलामगिरीच्या प्रश्नाचा भाग म्हणून पाहायला सुरुवात केली. येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे मन साफ असते, यात मला शंका नाही. तरीही दर पंधरवड्याला नवा ताई-दादा लळा लावतो आणि निघून जातो, याची किंमत ते मूल मोजते. मुलांमध्ये काम करण्याची ओढ असेल तर तसे शिक्षण घेऊन, दीर्घ काळासाठी आणि मुलांना घरी ठेवू पाहणाऱ्या संस्थेतच जावे.

तुमच्या यादीतला सर्वांत नाजूक हेतू म्हणजे लांब जाणे. त्यावर तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पळून जाण्यासाठी गेलेली माणसे वाईट काम करतात असे अजिबात नाही. काही जण तर उत्तम काम करतात, कारण त्यांना काम हवेच असते. अडचण संध्याकाळी येते. अशा बहुतेक ठिकाणी अंधार पडल्यावर आवाराबाहेर जाता येत नाही, जनरेटर ठरावीक वेळी बंद होतो, इंटरनेट लहरीनुसार चालते आणि जेवणाच्या टेबलावर दिवसभर पाहिलेलीच पाच-सात माणसे असतात. पुण्यात मन उदास झाले तर मैत्रिणीला बोलावून रूपाली हॉटेलात तासभर बसता येते किंवा सकाळी पर्वती चढून येता येते. तिथे ज्या विचारापासून तुम्ही पळालात तोच विचार मच्छरदाणीत तुमच्या शेजारी येऊन बसतो आणि त्याच्याशी बोलायला वेळही भरपूर असतो. काही जण अशा वेळी दारूकडे वळतात, काही जण कामात इतके बुडतात की आजारी पडतात, काही जण तिथल्याच कुणाशी घाईघाईने नाते जोडतात आणि मग दोघांचेही हाल होतात. म्हणून माझा सल्ला असा की हे दुःख हा जाण्याचा एक हेतू असायला हरकत नाही, पण तो एकमेव आधार नसावा आणि अगदी ताजाही नसावा. मोडलेल्या लग्नाविषयी आवाज न बदलता कुणाशी पाच मिनिटे बोलता येऊ लागले, की मग अर्ज करावा. समुपदेशकाकडे जाऊन यायचे असेल तर निघण्यापूर्वी जावे, तिथे गेल्यावर तशी सोय असेलच असे नाही.

करिअरची चाचपणी हा तुमच्या यादीतला सर्वांत निर्धोक हेतू आहे, तो लपवू नका. जग पाहण्याच्या हेतूलाही माझी हरकत नाही, फक्त पाहायला मिळणारे जग फार छोटे असते हे ठाऊक असू द्यावे: एक जिल्हा, एक बाजार, दोन रस्ते. त्याच्या जोडीला आणखी एका गोष्टीची तयारी हवी. भारतीय माणूस पूर्व आफ्रिकेत कोऱ्या पाटीने जात नाही. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावले. नंतरच्या काळात अनेक कुटुंबे परतली आणि आज राजधानी कंपालातल्या पुष्कळ मोठ्या व्यवसायांमागे गुजराती घराणी आहेत. त्यामुळे लोक तुम्हाला पाहतील ते आधी दुकानदार किंवा कंत्राटदार म्हणून. सेवेसाठी आलेली व्यक्ती म्हणून आपल्याकडे कौतुकाने पाहिले जावे अशी इच्छा मनात कुठे दडली असेल, तर ती पुरी व्हायला वेळ लागतो, कधी ती पुरी होतही नाही.

आता तुमच्या आईंचा प्रश्न. तो टोमणा वाटत असला तरी मुलाखतीत आम्ही तोच प्रश्न जरा सभ्य शब्दांत विचारतो, म्हणून त्याचे उत्तर स्वतःपाशी असायलाच हवे. ‘तिथे गरज जास्त आहे’ हे उत्तर चालत नाही, कारण गरज येरवड्याच्या वस्तीतही आहे. चालणारे उत्तर बहुधा तीन गोष्टींतून येते. तुमच्या कौशल्याची तिथे ठरावीक जागा आहे, तुम्हाला त्या ठिकाणाहून शिकायचे असे काही आहे जे इथे मिळणार नाही, आणि इथले काम तुम्ही करून पाहिले आहे. तिसरी गोष्ट लोक विसरतात. वर्षभर दर शनिवारी एखाद्या अभ्यासवर्गात न चुकता हजर राहिलेल्या अर्जदाराला मी पानभर तळमळ लिहिणाऱ्यापेक्षा वर ठेवते, कारण उत्साह ओसरल्यावरही तो हजर राहिला होता याचा तो पुरावा असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा पुण्यातून मदतीच्या गाड्या भरभरून गेल्या, आणि पहिल्या आठवड्यानंतर घरातला गाळ काढायला, पंचनाम्याचे कागद भरून द्यायला किती जण राहिले, हे तिथल्या माणसांना विचारावे. तुमची परीक्षा घ्यायला युगांडा लागत नाही, ती इथेही होऊ शकते. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमात घरबसल्या करायची ऑनलाइन स्वयंसेवाही आहे. तुमच्या कौशल्याला ती सोयीची आहे आणि एखाद्या परक्या देशातल्या संस्थेची कामाची गती आपल्याला झेपते का, ते नोकरी न सोडता कळते.

आईंना इतिहासाच्या वाटेने जाणारे उत्तर हवे असेल तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे द्या. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात कोटणीस होते. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेला, पुढच्या शिक्षणाच्या विचारात असलेला हा तरुण. इतर सहकारी परतले, कोटणीस राहिले. ते चिनी भाषा शिकले, तिथे सेवा करणारे कॅनडाचे शल्यविशारद डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. त्यांना तिकडे घेऊन गेलेले कारण आणि तिथे ठेवणारे कारण एकच असेल असे मला वाटत नाही. जाताना सोबत नेलेला हेतू कामाच्या ओघात बदलतो, म्हणून सुरुवातीचा हेतू अगदी तावून-सुलाखून घेण्याची गरज नसते. अर्थात ‘म्हणजे तूही तिकडेच राहणार का?’ असा पुढचा प्रश्न येईल, त्याला उत्तर तयार ठेवा.

किंमत कोण मोजतो, या मुद्द्याची उलट बाजूही आपल्याच देशात पाहायला मिळते. १९३४ मध्ये बिहारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल काही सहकाऱ्यांसह तिथे आले आणि गावे पुन्हा उभारण्याच्या कामात राबले. शिक्षणाने अभियंता असलेल्या या माणसाने १९२० मध्ये, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधल्या वर्दँजवळच्या गावात, कालपरवाचे शत्रू असलेल्या देशांतल्या तरुणांना एकत्र आणून पहिले श्रमशिबिर भरवले होते. त्यांचा ध्यास होता युद्धविरोधाचा, बिहारचा नव्हे. लष्करी सेवेला पर्याय म्हणून शांततेची सेवा असावी, हे त्यांना जगाला दाखवायचे होते. म्हणजे हेतू सर्वस्वी त्यांचा होता, पण बिहारच्या खेड्यातल्या माणसाला त्या मताशी काही देणेघेणे नव्हते आणि ते ठेवावे अशी अटही नव्हती. त्याला घर हवे होते, ते उभे राहिले.

अर्जातल्या त्या रकान्याकडे येते. शोभेल ते लिहू नका. याला नीतीचे कारण आहेच, पण त्याहून साधे कारण असे की ते ओळखू येते. ‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे’ आणि ‘त्या मुलांच्या चेहऱ्यावर हसू फुलवायचे आहे’ ही वाक्ये इतक्या अर्जांत असतात की वाचणाऱ्याची नजर त्यांवरून घसरून पुढे जाते. पण खरे लिहायचे म्हणजे सगळे उघडे करायचे असेही नाही. लग्न मोडल्याची हकीकत अर्जात नको. मुलाखतीत ‘आत्ताच का’ असे विचारले तर ‘गेल्या वर्षी व्यक्तिगत आयुष्यात एक बदल झाला, त्यातून मी सावरले आहे आणि आता वर्षभर बाहेर राहण्याइतकी मोकळी आहे’ एवढे पुरे. बाकीचे साधारण असे लिहिता येईल:

‘सहा वर्षे मी ग्राहकांच्या तक्रारींच्या आकड्यांवर काम केले आहे. आता हेच कौशल्य सार्वजनिक सेवांच्या कामी कसे येते हे मला शिकायचे आहे आणि पुढे याच क्षेत्रात राहावे का, हे वर्षभराच्या कामातून मला ठरवायचे आहे. अपुऱ्या आणि विस्कळीत नोंदींमधून वापरता येईल असा तक्ता तयार करणे, आणि तो माझ्याशिवायही चालू राहील अशा रीतीने स्थानिक सहकाऱ्यांच्या हाती देणे, एवढे मी करू शकते.’

यात स्वार्थ उघड आहे, मर्यादा उघड आहे आणि तुम्ही निघून आल्यानंतरचा विचारही आहे. त्यातले शेवटचे वाक्य मात्र खरे असल्याशिवाय लिहू नका, कारण मुलाखतीत आम्ही तेच धरतो: कुणाच्या हाती देणार, ती व्यक्ती कोणता प्रोग्राम वापरते, वीज नसेल तेव्हा काय करणार. माझा स्वतःचा आवडता प्रश्न वेगळा आहे. निर्वासितांच्या वसाहतींत फोटो काढण्यावर कडक बंधने असतात. वर्षभरात एकही फोटो टाकता आला नाही आणि परत आल्यावर कुणी काही विचारलेही नाही, तरी जाल का, असे मी विचारते. लगेच ‘हो’ म्हणणाऱ्यापेक्षा क्षणभर थांबून ‘थोडे वाईट वाटेल, पण जाईन’ म्हणणारा मला अधिक भरवशाचा वाटतो.

तयारीच्या बाबी फारशा अवघड नाहीत. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत फ्रेंचशिवाय पान हलत नाही, तेव्हा फर्गसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा अलियाँस फ्राँसेझमध्ये आत्ताच नाव घालावे. वर्षभरात कामापुरती भाषा येते आणि तुमच्या अर्जाचे वजन वाढते. पोलिस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतो. पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातच आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण त्याविना त्या भागातून परतल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. गृहकर्जाचा हप्ता असेल तर निर्वाह भत्त्यातून तो फिटेल असे धरू नये. आई-वडिलांपैकी कुणाला नियमित उपचार चालू असतील, तर तुमच्या गैरहजेरीत दवाखान्यात कोण नेणार हे नावानिशी ठरवून जावे. ही व्यवस्था कागदावर दाखवली की मेळघाटचा मुद्दा निम्मा मागे पडतो, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आणि कंपनीत राजीनामा इतक्यात देऊ नका. निवड झाल्याचे पत्र येणे आणि विमानात बसणे यांत बरेच काही घडू शकते. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा कितीतरी प्रकल्प एका रात्रीत थांबले आणि भरती झालेल्या जागाही रद्द झाल्या. त्या धक्क्यातून हे क्षेत्र अजून सावरलेले नाही. तुमच्या कंपनीत दीर्घ बिनपगारी रजेची सोय आहे का ते आधी विचारा, पुण्यातल्या काही मोठ्या कंपन्या ती देतात. नसेल तर वैद्यकीय मंजुरी आणि व्हिसा दोन्ही हातात पडल्यावरच नोटीस द्या आणि नोटिशीच्या मुदतीनंतर रुजू होण्याची तारीख संस्थेकडून लेखी मागून घ्या.